धनजचा निंब

त्या साली अडाण नदीतले मासे धूळ झटकत काठाकाठानं चालत होते, असं मी मंगरूळच्या बाजारात सांगितलं तेव्हा दोन माणसं खरोखर पाहायला गेली. माझं बोलणं असंच. मी फुलसिंग, तांड्यावरचा बंडीवाला. परतीची बंडी रिकामी असली की मी तिच्यात गप्पा भरतो. माझ्या तांबड्या बैलानं जऊळक्याला आगगाडीला मागं टाकलं होतं, हे अजून कित्येक जण खरं धरून आहेत. पण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याला माझी मदत लागली नाही. तो होता तसा सांगितला तरी पोरंसोरं म्हणतात, बाबा, थोडं कमी करा.

विहिरींत पाणी सोडून सगळं दिसायचं. रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची. तिची भाकर तव्यावर फुटायची आणि खाल्ल्यावर पोटात दगड होऊन बसायची. काम म्हणावं तर एकच, दुष्काळी रस्ता. जिकडं पाहावं तिकडं माणसं उकिडवी बसून खडी फोडत होती. बायकांच्या बांगड्यांपेक्षा हातोड्यांचा आवाज जास्त.

धनजकडे तो रस्ता रुंद करताना माळावरच्या कोरड्या विहिरीपाशी एक निंब आडवा आला. रस्त्यात खुंट राहू नये म्हणून तो मुळासकट उकरून पाडला. लिलावात आमच्या गावच्या दौलतराव पाटलांनी घेतला. गावात खायला नव्हतं तेव्हा पाटील माडी बांधत होते. तिच्या दारांना त्यांना निंबच पाहिजे होता. निंबाला वाळवी तोंड लावत नाही. तो आणायचं काम माझ्याकडे आलं. मी बंडीचा वरचा साठा, म्हणजे माल ठेवायचा सांगाडा काढला, ओंडका आसाला साखळदंडानं बांधला, आणि दोन जोड्या लावून धनजहून निघालो. वाटेत तांबड्या बैलानं मागं वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी उतरून चालायला लागलो.

ओंडका उतरवायचा होता इंद्रभानच्या खड्ड्यावर.

बौद्धपुऱ्याच्या मागं बाभळीखाली इंद्रभानचा चिराईचा खड्डा होता. माणूस उभा राहिला तर बुडेल एवढा. खड्ड्यावर आडव्या बल्ल्या, बल्ल्यांवर ओंडका, ओंडक्यावर एक जण उभा, खाली खड्ड्यात एक जण, आणि दोघांच्या मध्ये आरा. वरच्यानं आरा वर ओढायचा आणि खुणेच्या रेषेवर ठेवायचा. खालच्यानं अंगाचं सगळं वजन घालून खाली ओढायचा. लाकूड कापतं ते खालच्या ओढीला. वरच्याचं नाव होतं आणि खालच्याचे डोळे जातात.

आरा इंद्रभानच्या बापाच्या वेळचा. पातं वीतभर रुंद, आणि एवढं लवचीक की नुसतं हलवलं तर गुणगुणायचं. घरात दिव्याला तेल नसलं तरी आऱ्याला जवसाचं तेल असायचं. जऊळक्याच्या स्टेशनावर रेल्वेचे सागाचे स्लीपर याच आऱ्यानं चिरलेले. मी लोकांना सांगायचो की इंद्रभाननं एकदा चिरता चिरता झाडाची सावलीसुद्धा अर्धी केली. इंद्रभान हसायचा नाही. उंच, हाडकुळा माणूस. ओढून ओढून एक खांदा दुसऱ्यापेक्षा मोठा झालेला.

कोणतंही लाकूड आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: हे उभं कुठं होतं? देवळापाशी, दर्ग्यापाशी, कुंपणात उभं असलेलं झाड तो चिरायचा नाही. देवाच्या भीतीनं नव्हे. छप्पन साली नागपूरला जाऊन आल्यावर त्यानं घरातले सगळे देव पाटीत भरून नदीत सोडले होते, आणि एक शेंदराचा दगड आईनं कणगीत लपवला होता तोही हुडकून काढला होता. म्हातारी त्यानंतर मरेपर्यंत त्याच्या हातचं पाणी प्याली नाही. त्याची भीती लोखंडाची. लोक झाडाला नवसाचे खिळे ठोकतात, तारा गुंडाळतात. झाड लोखंड गिळून बसतं आणि वरून साल चढवतं. मग आऱ्याचे दात जातात.

खालची ओढ पूर्वी त्याच्या धाकट्या भावाची, भागिरथाची होती. भागिरथाच्या बायकोनं आपल्या तान्ह्या पोरीच्या दंडाला ताईत बांधला. इंद्रभाननं तो भर अंगणात कानशीच्या टोकानं तोडला. वर म्हणाला, "ज्याले दोरे-खिळे पाह्यजे त्यानं माह्या घरात राहू नये." पोरीच्या दंडावर ओरखडा उठला. भावकी-पंचायत काही नाही. भांडी एका पोत्यात घालून भागिरथा मंगरूळपीरला गेला आणि तिथं नव्यानं निघालेल्या आरागिरणीवर लागला.

मग खड्ड्यात उतरली दुर्गाबाई. इंद्रभानची बायको.

बाईनं आरा ओढल्याचं आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, डोक्याला आणि तोंडाला फडकं बांधून ती उतरायची, आणि वरून फक्त तिचे दोन हात दिसायचे. माणसं पाण्याच्या निमित्तानं बाभळीखाली थांबून पाहायची. तेलीपुऱ्यातली गोमतीबाई एकदा काठावर उभी राहून म्हणाली, "काय वं दुर्गे, जितेपनीच खड्ड्यात उतरली काय?"

खालून आवाज आला, "तू वर राहून कोनता उजेड पाडला वं? सरक, उन येऊ दे."

हसलो आम्ही. पण तिच्या तळहाताची कातडी दोनदा सोलून निघाली ती माझ्या बायकोनं, रामीनं पाहिली होती. रामी तिला एरंडाचं तेल नेऊन द्यायची.

ओंडका उतरवला तेव्हा दौलतराव पाटील छत्री घेऊन हजर होते.

"इंद्रभान, पाह्य बरं. ही दारं नीट झाली तर कारंज्याकडच्या जंगलाच्या कुपातला साग घेऊन राह्यलो मी. सारा हंगाम तुह्याच खड्ड्यावर पाडतो. नाही झाली तर मंगरूळची गिरणी हाये. थिकडं बाईमानूस नाही लागत, बटन दाबलं का झालं."

"होतीन नीट," इंद्रभान म्हणाला.

"नाहीतर रस्त्यावर जागा हाये. हातोडा सरकार देते."

खडी फोडणं इंद्रभानच्या जिवावर यायचं. हातात कसब असलेला माणूस तिथं दिसला की लोक त्याच्याकडे पाहतात आणि मग न पाहिल्यासारखं करतात, ते त्याला माहीत होतं. त्याच्या घरात मिलोसुद्धा मोजून होती, तरी तो आऱ्याला तेल लावून वाट पाहत बसला होता. हा ओंडका आणि त्यामागचा साग, एवढंच होतं.

पाटील गेल्यावर त्यानं ओंडक्याभोवती चक्कर मारली आणि मला विचारलं, "उभा कुठं होता, फुलसिंगभाऊ?"

"धनजले. माळावरच्या आंधळ्या विहिरीपाशी, बांधावर."

दुर्गाबाई माझ्यासाठी पाणी घेऊन येत होती. ती थांबली. गडव्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं. त्या साली पाणी सांडणं म्हणजे काय, सांगायला नको.

इंद्रभान तिच्याकडे वळला. "तुह्या माहेरचा नं? तुले माहीत असन. याले कोनी पूजत होतं? खिळा-गिळा मारेल हाये काय कोनी?"

"नाही," दुर्गाबाई म्हणाली.

मी खोटं बोलण्यात जन्म घातला. दुसऱ्याचं खोटं मला वासावरून कळतं. पण त्या दिवशी मला वाटलं, बाई माहेरचं झाड आडवं पडलेलं पाहून गलबलली. पुढं तिनं सगळं रामीला सांगितलं, रामीनं मला. ते इथंच सांगून टाकतो.

दहा-एक वर्षांपूर्वी तिचा मुलगा आनंदा पाच वर्षांचा होता. त्याला ताप धरला. येई, जाई, पुन्हा येई. इंद्रभान जऊळक्याला स्लीपर चिरायला गेलेला. ती पोराला घेऊन धनजला आईकडे गेली. कारंज्याच्या डॉक्टराची सुई देऊन झाली, लाल औषध देऊन झालं. शेजारची केशरबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, ज्याला कोणी पूजत नाही असा निंब पाहा. पोराला त्याला पाठ लावून उभं कर, डोक्याला टेकेल असा बंडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा एक खिळा मार, आणि कोणाला सांगू नको. निंब ताप ओढून घेतो. झाड वाढतं तसा खिळा वर वर जातो, आणि पोरगंही त्याच्यासंगं वाढतं.

आंधळ्या विहिरीपाशी तेव्हा हा निंब दंडाएवढा होता. दुर्गाबाईनं आनंदाला उभं केलं. पोरगं म्हणालं, "मा, डोक्यात नको मारजो." तिनं दगडानं खिळा मारला. तापलेलं पोर उन्हात हसत होतं म्हणे.

ताप उतरला. ती त्याला घेऊन घरी आली. पावसाळ्यात ताप पुन्हा आला आणि दोन रात्रींत पोरगं गेलं. इंद्रभाननं कोणाला हात लावू दिला नाही. घोंगडीवरच्या पोराला त्यानं कोपरापासून हातानं मोजलं, दोन हात आणि वर चार बोटं, आणि ओढ्याकाठी तेवढाच खड्डा स्वतः खणला. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. खिळ्याचं तिनं कधी सांगितलं नाही, आणि ताईत तुटला त्या दिवसानंतर तर सांगायची सोयच राहिली नाही.

आता तोच निंब फुगून माणसाच्या कवेत जेमतेम मावणारा झालेला, तिच्या दारात आडवा पडला होता. आणि त्याच्यात कुठंतरी तो खिळा होता.

दुसऱ्या दिवशी इंद्रभान काजळीत दोरी बुडवून ओंडक्यावर रेषा मारायच्या तयारीला लागला. मी बैलांना सावलीत बांधून बसलो होतो, फळ्या निघतील तशा पाटलाच्या वाड्यावर न्यायच्या म्हणून. दुर्गाबाई ओंडक्याच्या बुडापाशी आली. तिनं हात ठेवला, आणि बुडापासून शेंड्याकडे चालत गेली, लाकडाला तळवा घासत. तीनेक हात पुढं जाऊन थांबली. मग मान वर करून इंद्रभानकडे पाहिलं, त्याच्या खांद्याकडे, आणि पुन्हा लाकडाकडे. जराशी आणखी पुढं सरकली.

"आवो," ती म्हणाली, "हे इथलं लाकूड मले बरं नाही वाटत."

"काहून?"

"पोकळ वाजते."

इंद्रभाननं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट अंगानं ठोकलं. घट्ट आवाज आला. "कुठी पोकळ हाये? ठणठणीत हाये."

"मले वाजते नं. इथून कापा अन् इकून बी कापा. एवढा हातभर ठोकळा काढून टाका मधला."

"दाराची लांबी जाते, दुर्गे. फळ्याले सांधा द्या लागन. पाटील काय म्हनन?"

"खाली मी असतो का तुमी? भुसा माह्या डोयात जाते. माह्या अंगावर आरा अटकला तर?" असं म्हणून ती जमिनीवर बसलीच. "मी नाही उतरत मंग."

बायकोनं इतक्या महिन्यांत खड्ड्यात उतरायला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. शेवटी इंद्रभाननं कुऱ्हाड ठेवली आणि आडवं कापायचा दुसरा आरा घेतला. दोघांनी मिळून मधला हातभर ठोकळा कापून काढला. ओंडक्याचे दोन तुकडे झाले, एक बुडाचा आखूड, एक शेंड्याचा लांब.

दौलतराव पाटील संध्याकाळी आले आणि तोडलेलं पाहून जागेवर थांबले. बाभळीखाली तेव्हा चार-सहा माणसं होती.

"हे कोनी सांगतलं तुले?"

"मधात लाकूड खराब वाटलं, पाटील."

पाटलांनी छत्रीचं टोक ठोकळ्यावर आपटलं. कापलेलं अंग पिवळंधमक, एक चीर नाही, एक कीड नाही. "हे खराब? लेका, आंधया झाला काय तू? का घरात बाई पाटीलकी करते अन् तू डोक्स हालवते?"

माणसं हसली. इंद्रभाननं काजळीची दोरी गुंडाळायला घेतली. "चूक झाली," तो म्हणाला. "बाकीच्यात सांधा असा देतो का नखानं सापडनार नाही."

"सांधा! नव्या माडीले थिगळ! आता एक बी फळी वाकडी निंघाली तर साग मंगरूळले जाते, हे ध्यानात ठेव. अन् हा ठोकळा घेऊन जाय घरी. बायकोले बसाले दे, पाटलीनबाईले."

माणसं पुन्हा हसली. मीही हसलो असेन. माझं तोंड सवयीचं आहे.

दुर्गाबाईनं तो ठोकळा खरंच घरी नेला, दोन्ही हातांनी लोटत. चुलीला सरपण नव्हतं, पण तिनं तो जाळला नाही. दाराशी ठेवला. मिलो निवडताना त्यावर बसायची, उठताना हातानं पुसायची. रामी म्हणाली, जाळ की बाई, दोन दिवसाचा स्वयंपाक निघेल. तर म्हणाली, "राहू दे. ओला हाये." तिच्या हिशेबानं आनंदा आता चौदा-पंधराचा असता आणि बापाच्या खांद्याला लागला असता. खिळाही झाडाबरोबर तिथवर गेला असणार. तिच्या हिशेबानं तो त्या ठोकळ्यात होता, आणि ठोकळा तिच्या दारात होता.

चिराई सुरू झाली. आधी चारी अंगांच्या साली-पाठी काढल्या. आरा खाली येताना खर्रर्र करायचा, वर जाताना फुसकारायचा. दुर्गाबाईच्या अंगात त्या दिवसांत नवंच बळ आलं होतं. ओढ इतकी सरळ की इंद्रभानला रेषेकडे पाहावं लागत नव्हतं. निंबाचा भुसा खड्ड्यात घोट्याएवढा साठला. तो कडू असतो. तिच्या ओठांवर, नखांत, केसांत कडू. ती भाकर थापायची तर भाकर कडू. इंद्रभान कडू भाकर खायचा आणि काही म्हणायचा नाही. एकदा फक्त म्हणाला, "भागिरथापक्षा तुही ओढ बरी हाये."

खालून फडक्यातून हसल्याचा आवाज आला. मी बैलाला म्हटलं, ऐकलं का रे, इंद्रभान गोड बोलला. आज पाऊस पडतो.

पाटीलसुद्धा येऊन पहिल्या फळीवर हात फिरवून गेले. काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत होतं. कारंज्याहून साग कधी निघणार हे त्यांनी मला सांगितलं, म्हणजे बंडी मोकळी ठेव.

बुडाच्या तुकड्याच्या मधोमध आरा घालायचा दिवस होता. ऊन टळटळीत, बाभळीची सावलीसुद्धा सावली शोधत होती. इंद्रभान वर, अनवाणी, पायांची बोटं लाकडाला घट्ट धरून. दुर्गाबाई खाली. बुडाकडून निघालेला आरा हळूहळू पुढं सरकत होता. मी सुपारी कातरत होतो.

आवाज आला तो मला अजून दातात जाणवतो. किंचाळल्यासारखा, आणि लगेच कट्ट. खालची ओढ पूर्ण जोरात होती. आरा जागीच अडला आणि पातं मधून कमानीसारखं वाकलं. इंद्रभान तोल जाऊन गुडघ्यावर पडला. मग खालून दुर्गाबाईची एकच हाक, तीसुद्धा अर्धी.

मी धावलो. खड्ड्यात ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात तोंडावर, बोटांतून रक्त. आऱ्याचा तुटलेला दात उडून डोळ्याच्या खाली गालाच्या हाडात रुतला होता. जराच वर असता तर डोळा गेला असता. पिवळ्या भुशावर रक्ताचे थेंब पडून गोळ्या होत होत्या. इंद्रभाननं खाली वाकून विचारलं, "डोया हाये?" तिनं मान हलवली. मग तो आऱ्याकडे वळला. सात-आठ दात साफ गेलेले, आणि पात्याला आडवी चीर, अर्ध्यावर आलेली. त्यानं चिरेवरून अंगठा फिरवला. त्या चिरेला कानस काही करू शकत नव्हती, हे मलाही कळलं.

पाटलांना कोणी सांगायच्या आत ते आले.

"लोखंड?" ते म्हणाले. "कोनी मारला खिळा माह्या लाकडात?"

दुर्गाबाई खड्ड्यातून वर बघत होती. गालाला फडकं दाबलेलं. तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, आणि मला त्या वेळी सगळं कळलं. धनज, सांडलेलं पाणी, ठोकळा. मी पुढं झालो.

"पाटील, खिळा माहा हाये. मांगच्या साली धनजले मुक्काम पडला होता, बैल बांधाले मीनंच मारला. ध्यानातून गेलं."

पाटलांनी वाकून फटीत पाहिलं. खिळ्यावर वीतभर लाकूड चढलेलं होतं. "फुलसिंग," ते म्हणाले, "निंबाच्या पोटात शिरून मारला काय?"

जन्मात पहिल्यांदा माझी गोष्ट कोणी घेतली नाही, आणि तीच खपायला हवी होती.

पाटील इंद्रभानकडे वळले. "साग गिरनीवर जाईन. अन् हे काय उरलं ते उद्यापर्यंत उचल माह्या नजरेसमोरून." ते गेले. जमलेली माणसंही एकेक करून गेली. हसायला कोणी थांबलं नाही.

इंद्रभाननं आरा सोडवला, बाजूला टेकून ठेवला. पटाशी आणि हातोडी घेऊन तो खिळ्याभोवतीचं लाकूड फोडू लागला. बराच वेळ लागला. खिळा निघाला, काळा, गंजलेला, टोकाला वाकलेला. तो हातात घेऊन उभा राहिला आणि खिळ्याच्या भोकाकडे पाहत राहिला. मग ओंडक्याच्या बुडाकडे.

त्यानं बुडाला कोपर टेकवलं. हात लांब केला. मधल्या बोटाच्या टोकाशी पुन्हा कोपर टेकवलं. दुसरा हात. मग चार बोटं आडवी ठेवली. बोटं बरोबर भोकाच्या काठाला लागली.

तो तसाच वाकून राहिला. मला वाटलं आता हा ओरडेल. ताईत तोडला तेव्हाचा त्याचा आवाज माझ्या कानात होता. मी बैलांच्या दाव्याशी चाळा करू लागलो. तिथून निघून जायला पाहिजे होतं, पण गेलो नाही.

इंद्रभान खड्ड्यात उतरला. इतक्या वर्षांत मी त्याला तिथं उतरताना पाहिलं नव्हतं. तो वरचा माणूस. तो तिच्यासमोर भुशात बसला.

"आनंदाचा?"

तिनं मान हलवली. फडक्यातून म्हणाली, "केशरबुढी म्हने, झाड वाढते तसा खिळा वर जाते. मी त्या हिशेबानं मोजलं. आता तुमच्या खांद्याले लागला असता तो. मले वाटलं तिथवर गेला असन."

इंद्रभान खड्ड्यातला भुसा हातानं इकडून तिकडं सारत होता.

"झाड शेंड्याकडून वाढते, दुर्गे," तो शेवटी म्हणाला. "खालचं जितलं असते तितलंच राह्यते."

मग ती रडली. दहा वर्षांपूर्वी रडली तेव्हा मी गावात नव्हतो, पण रामी म्हणते, तेव्हाही असं नव्हतं.

भागिरथा एकदा येऊन आरा पाहून गेला. भावाशी बोलला नाही, आऱ्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "नाही होत आता याचं काही." लोहारानं त्या पात्याचे विळे करून दिले. चांगले झाले, पण त्या साली कापायला पीक नव्हतं. निंबाचं उरलेलं लाकूड लोखंड लागलेलं म्हणून मंगरूळच्या गिरणीनंही घेतलं नाही. रस्त्याच्या ठेकेदारानं ते डांबर वितळवायला नेलं. ते नेलं मीच. डांबराच्या टाकीखाली तो निंब जळत होता, कडू धूर सगळ्या रस्त्यावर पसरला होता, आणि त्या धुरात ओळीनं बसलेल्या माणसांत इंद्रभान आणि दुर्गाबाई खडी फोडत होती. इंद्रभानच्या एका मोठ्या खांद्यामुळे तो लांबूनही ओळखू यायचा. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग न पाहिल्यासारखं केलं.

ठोकळा दुर्गाबाईनं रामीला देऊन टाकला. अजून आमच्याकडे आहे. मी त्यावरच बसतो. आत काही नाही, मी ठोकून पाहिला आहे.

खिळा मात्र इंद्रभाननं फेकला नाही. दगडावर ठोकून सरळ केला आणि घराच्या मातीच्या भिंतीत, दाराच्या आतल्या बाजूला मारला. खूप खाली, जमिनीपासून दोन हातांच्या जरा वर. त्याला ना टोपी अडकवता येते ना सदरा. येणाऱ्या-जाणाऱ्याचं धोतर मात्र हमखास अडकतं. माझंही फाटलं.

"इंद्रभान," मी धोतर सोडवत म्हटलं, "इतल्या खाली कायले मारला रे हा?"

तो आतून मिलोच्या भाकरीचा तुकडा मोडत होता. दुर्गाबाई चुलीपाशी होती. तिच्या गालावरचा वण अजून लाल होता. इंद्रभाननं तिच्याकडे पाहिलं, मग खिळ्याकडे.

"जाईन तो वर," तो म्हणाला. "हळूहळू."